हुदहुद कोणाची

एकोणीसशे एकोणऐंशीच्या दिवाळीनंतर चितेगावचे नानासाहेब पाटील औरंगाबादेत शफीमियाँच्या घरी आले आणि चहा यायच्या आधीच कामाचं बोलायला लागले. असं त्यांच्याकडून सहसा होत नसे.

"शफ्या, जानेवारीत जायकवाडीच्या पाण्यात होड्यांची शर्यत हाय. शिडाच्या होड्यांची. धरणाचे काही इंजिनीयर आन पुण्याची मंडळी मिळून करायलेत. मी आमची याट उतरवणार."

शफीमियाँनी चष्मा पुसला. "ती? जिच्यात कडब्याची कुट्टी असते?"

"कुट्टी काढली. धुऊन घेतली लख्ख."

"मग माझं काय काम?"

"जुन्या होडीचा इतिहास पानभर लिहून द्या म्हणले. कुणी बांधली, मालक कोण कोण झाले, कुठं कुठं जिंकली. लाऊडस्पीकरवर वाचणारेत. तू कागदातला माणूस. तूच लिही."

शफीमियाँ खरंच कागदातले माणूस होते. पोलीस ॲक्शननंतर जिल्हा कचेरीत त्यांनी तीस वर्षं एकच काम केलं होतं: निजामाच्या वेळची उर्दू दफ्तरं वाचून मराठीत आणायची. यंदाच निवृत्त झाले होते आणि घरात कुणालाच त्यांच्याकडून काही वाचून घ्यायचं नव्हतं. ते आणि नानासाहेब शाळेतले सोबती. एका बाकावर बसून उर्दू गिरवलेली, एकाच मास्तरांचा मार खाल्लेला.

स्वयंपाकघरातून शफीमियाँच्या पत्नीचा, अख्तरीभाभींचा आवाज आला. "त्यात लिहायचं काय एवढं? सात कप जिंकले म्हणून लिहा. गेल्या ईदेला पाचच होते."

"भाभी, तुम्ही मोजता व्हय?"

"मोजावं लागतं ना. तुम्ही थांबत नाही."

होडीची गोष्ट पंचक्रोशीत सगळ्यांना पाठ होती. नानासाहेबांचे वडील आप्पासाहेब यांनी हैदराबादच्या एका नवाबाशी पैज लावली, पैज जिंकली आणि नवाबानं आपली लाडकी शर्यतीची होडी त्यांना देऊन टाकली. होडीनं त्याआधी सात कप जिंकलेले. ती चितेगावला गोठ्याशेजारच्या पडवीत होती एवढं मात्र खरं. ती लोकांना दिसत होती. बाकीचं लोक ऐकून घेत, कारण नानासाहेबांच्या घरी जेवण चांगलं असे.

दुसऱ्या दिवशी शफीमियाँ चितेगावला गेले. पडवीत अठरा फुटांची सागवानी होडी दोन ओंडक्यांवर बसली होती. शीड नव्हतं. डोलकाठी आडव्या तुळईसारखी वर टांगून तिच्यावर घोंगड्या वाळत घातल्या होत्या. सांडू मिस्त्री, नानासाहेबांकडचा म्हातारा सुतार, विळ्याच्या टोकानं मागच्या फळीवरचं शेण खरवडत होता. शेणाखाली निळा रंग, निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली पितळेची पट्टी निघाली. पट्टीवर उर्दू अक्षरं होती.

"हुदहुद," शफीमियाँनी वाचलं.

"म्हणजे?" सांडूनं विचारलं.

"डोक्यावर तुरा असतो, लांब चोचीनं माती उकरतो, तो पक्षी."

"नवाब कुठला? पट्टीवर नाव हाय का?" नानासाहेबांनी विचारलं.

"नाही. तुमच्या घरात जुने कागद असतील ते काढ."

कागदांची पेटी निघाली. आप्पासाहेबांचं सगळं त्यात होतं: सातबारे, लग्नाच्या याद्या, बैलांच्या दाखल्यांची चळत. दुपारभर बसून शफीमियाँनी तळातून एक पिवळा कागद काढला आणि वाचून झाल्यावर नानासाहेबांपुढे धरला.

"वाच."

"तूच वाच. चष्मा नाय आणला."

"चष्मा डोक्यावर आहे."

नानासाहेबांनी चष्मा खाली ओढला, कागद लांब धरला, जवळ धरला. शाळेतलं उर्दू हळूहळू जागं झालं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले. कागद औरंगाबाद स्टेशनातल्या हर्राजाची, म्हणजे लिलावाची, पावती होती, सन पन्नासची. वर्षभर कुणी न नेलेला माल विकला, त्यात पोतडी, काचसामान आणि आप्पासाहेबांच्या नावापुढे: लाकडी नग, मोठा, एक.

"यात पैज कुठं लिहिली आहे?" शफीमियाँनी अगदी साधेपणानं विचारलं.

उत्तर सांडू मिस्त्रीनं दिलं. "आप्पासाहेबांनी दारं-चौकटी करायला आणली व्हती. मला म्हणले, काप. मी तवा पंचविशीतला. आत वाकून बघितलं तर एक खिळा वाकडा नाय, फळीला फळी अशी बसलेली की नख जाईना. म्हणलं मालक, दुसरा सुतार बघा, मी हे तोडणार नाय. दुसरा सुतार काय मिळाला नाय."

"तू हे आधी का नाय सांगितलंस?" नानासाहेब ओरडले.

"तुम्ही पैजेचं सांगत व्हता. मधी कसं बोलायचं?"

नानासाहेबांनी पावती घडी करून शफीमियाँना दिली. "पैज काढून टाक. कप राहू दे. होडी आधी जिंकली नसंल असं कुठं लिहिलंय?"

तेवढ्यासाठी शफीमियाँनी हैदराबादला पत्र टाकलं. हुसेनसागरावर शिडाच्या होड्यांचा एक जुना क्लब होता. त्याच्या म्हाताऱ्या कारकुनाचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं, सुरेख अक्षरात, चार पानं. कुणीतरी इतक्या वर्षांनी रजिस्टरातलं विचारलं याचाच त्या माणसाला आनंद झाला होता. होडी अडतीस साली मुंबईला माझगावात बांधलेली. पहिला मालक एक इंग्रज इंजिनीयर. तो दोन वर्षांनी गेला, मग होडी जहांगीर अली नावाच्या तरुणानं घेतली, तिचं नाव हुदहुद ठेवलं आणि तिला बावीस शर्यतींत उतरवलं. शफीमियाँनी ते आकडे नानासाहेबांना बाजारात चहाच्या दुकानात वाचून दाखवले.

"तिसरी दोनदा. शर्यत अर्धवट सोडली सहा वेळा. शेवटची तेरा वेळा."

"एकवीस झाले," नानासाहेब म्हणाले. हिशोबात ते पक्के होते.

"बाविसावी शर्यत, मार्च सेहेचाळीस. पहिली."

नानासाहेबांनी टेबलावर थाप मारली तसा चहा बशीत सांडला. "म्हणलं नव्हतं? जिंकली व्हती!"

"सातातले सहा कमी कर."

"सुरुवातीला मी एकच सांगायचो," नानासाहेब म्हणाले. "लोक म्हणायचे, एवढाच? मग काय करणार?"

पत्राच्या शेवटी कारकुनानं रजिस्टरातली शेवटची नोंद उतरवली होती. एकोणपन्नासच्या आरंभी जहांगीर अली कराचीला गेले. जाण्यापूर्वी होडी मालगाडीनं औरंगाबादला पाठवली, हमशीरांना भेट म्हणून. हमशीरा म्हणजे बहीण. बहिणीचं नाव नव्हतं.

म्हणजे ती स्टेशनात बेवारशी पडलेली नव्हती. तिला मालकीण होती आणि ती मालकीण तिला न्यायला आलीच नव्हती. नानासाहेबांनी बशी बाजूला सारली. परक्याच्या वस्तूत तीस वर्षं कुट्टी भरली हे त्यांना लागलं.

"शोध तिला," ते म्हणाले. "पान गेलं खड्ड्यात. आधी तिला शोध."

शफीमियाँनी शोधलं. डिसेंबरचा पहिला पंधरवडा त्यांनी त्यातच घालवला. जुन्या जागीरदारांच्या घरी गेले, तिथं चहा आणि वंशावळी मिळाल्या. कबरस्तानाच्या मुजावराला विचारलं. हैदराबादहून लग्न होऊन आलेल्या सुनांची यादी केली, ती अकरा नावांची झाली आणि एकीलाही कराचीत भाऊ नव्हता. घरी ते काही बोलत नसत. अख्तरीभाभींनी चेष्टा केली असती, आणि चेष्टेत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

एके दुपारी ते यादी पुढ्यात घेऊन बसले होते. अख्तरीभाभी शेजारी गादीच्या गुंडाळीला दोरी बांधत होत्या.

"कुणाचं लग्न जमवताय? बायकांचीच नावं दिसतात."

मग सांगावंच लागलं. हुदहुद, हुसेनसागर, जहांगीर अली, बहीण. अख्तरीभाभींनी सगळं शांतपणे ऐकलं, दोरीची गाठ ओढून घट्ट केली आणि म्हणाल्या, "मुनिरा आपा."

"कोण मुनिरा आपा?"

"शिवणक्लासवाल्या. मागच्या गल्लीत. माझे दोन वर्षं धडे झाले त्यांच्याकडे, तुमच्या सदऱ्याच्या बाह्या कुणाकडून शिकले मी? ही गाठ त्यांनीच शिकवली. ओढली की पक्की, सोडली की लगेच मोकळी. म्हणाल्या, होडीतली आहे. हैदराबादला भावासोबत होडीत जात होते म्हणाल्या."

शफीमियाँनी यादी खाली ठेवली. "आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"आप पूछे कब?" अख्तरीभाभी म्हणाल्या. "सारं शहर पालथं घातलं. घरात विचारलं असतं तर चपला तरी वाचल्या असत्या."

मुनिरा बेगम एकावन्न वर्षांच्या होत्या. यजमान वारले होते, मुलगा नोकरीला परगावी. सकाळ-दुपार त्या पंधरा मुलींना शिवण शिकवत आणि त्या मुली त्यांना इतक्या भीत की क्लासमध्ये मशीनशिवाय कसलाच आवाज नसे. शफीमियाँ आणि अख्तरीभाभी संध्याकाळी क्लास सुटल्यावर गेले. शफीमियाँनी पितळी पट्टीचं नाव एका कागदावर जसंच्या तसं उतरवून नेलं होतं. त्यांनी तो कागद पुढे ठेवला.

मुनिरा आपांनी कागद पाहिला. अक्षरांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "कुठं आहे?"

"चितेगावला. एका पाटलांच्या पडवीत. साबूत आहे."

"साबूत," त्या म्हणाल्या, आणि त्यांना हसू आलं. ते आवरेना, तेव्हा त्यांनी ओढणी तोंडाला लावली. हसून झाल्यावर डोळे पुसले ते हसण्यामुळे की कशामुळे, हे अख्तरीभाभींनीही विचारलं नाही.

मग त्यांनी सांगितलं. लग्न होऊन इथं आल्या त्याला वर्षही झालं नव्हतं. भावाचं पत्र आलं: मी निघतो आहे, हुदहुद तुझ्याकडे पाठवतोय, सांभाळ. पत्र सासऱ्यांनी उघडून वाचलं. सासरे सज्जन माणूस, पण होडीचं त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. सुनेच्या भावानं पक्षी पाठवलाय म्हणून ते बाजारातून पिंजरा घेऊन स्टेशनवर गेले.

"पिंजरा?" शफीमियाँ म्हणाले.

"पितळी. हातात धरायच्या कडीचा. आणि मालधक्क्यावर काय, तर अठरा फुटांची होडी. आजूबाजूचे हमाल हसायला लागले. सासरे तसेच पिंजरा घेऊन घरी आले. घरात सगळे जमलेले. त्यांनी सांगितलं, परिंदा रस्त्यातच मेला."

"आणि तुम्ही?"

"मला ठाऊक होतं ना हुदहुद काय आहे ते. होडी कशी मरेल? पण वीस वर्षांची होते, नवी सून. त्यांना खोटं कसं पाडू? आणि ठेवणार कुठं, मोरीत? गप्प बसले. सासूबाईंनी माझं सांत्वन केलं. दोन दिवस मला कामाला हात लावू दिला नाही."

अख्तरीभाभी आता उघड हसत होत्या. मुनिरा आपांनी हात वर केला. "थांबा, खरी लाज पुढं आहे. भावाला काय लिहू? लिहिलं, मिळाली. त्यानं विचारलं, कुठं चालवतेस? लिहिलं, इथं मोठा तलाव आहे. तीस वर्षं झाली. दर ईदेला तो विचारतो, हुदहुद कशी आहे. दर ईदेला मी लिहिते, छान आहे, औंदा नवं शीड शिवलं. एका वर्षी तर वादळात कशी वाचली तेही लिहिलं. दोन पानं."

"आपा," शफीमियाँ म्हणाले, "तुम्ही आणि आमचे नानासाहेब भेटलंच पाहिजे."

नानासाहेब भेटायला आले ते नवा फेटा बांधून, जीप घेऊन, आणि वाटेत पाठ केलेलं भाषण घेऊन. दारात उभं राहून त्यांनी ते म्हणायला सुरुवात केली. "आपा, आमच्या वडिलांनी रीतसर हर्राजात घेतली, पण वस्तू तुमची. मी कुट्टी भरली, त्याची माफी. आजपासून होडी तुमच्या ताब्यात. कधी आणून पोचवू?"

"या गल्लीत?" मुनिरा आपांनी विचारलं. "रिक्षा वळत नाही इथं, पाटील."

भाषणात याच्यावर काही नव्हतं. नानासाहेबांनी शफीमियाँकडे पाहिलं.

"सात कप जिंकल्याचं तुम्ही सांगता म्हणे," आपा म्हणाल्या.

"सांगत व्हतो," नानासाहेब खाली मान घालून म्हणाले. "एकच हाय. सेहेचाळीस सालचा."

"तो माझा."

जहांगीरला त्या दिवशी ताप होता. नाव नोंदवलेलं, होडी सजलेली. सतरा वर्षांची मुनिरा भावाचा कोट आणि टोपी घालून सुकाणूला बसली. क्लबच्या सेक्रेटरीनं ओळखलं आणि न ओळखल्यासारखं केलं. "पण फार कौतुक करू नका. सुरुवात इतकी वाईट झाली की मी सगळ्यांच्या मागे, एकटीच, लांब कडेला. पुढच्या चारही होड्या वळणावर एकमेकांत अडकल्या. दोऱ्या गुंतल्या, शिव्या सुरू झाल्या. मी बाजूनं निघून गेले. जिंकल्याचं मला काठावर आल्यावर कळलं."

नानासाहेब आता मनापासून हसले. "हे पानात लिहायचं का?"

"लिहा. पण एक अट. शर्यतीत सुकाणू मी धरणार."

त्यानंतरचा महिना चितेगावच्या पडवीत गेला. मुनिरा आपा दर शुक्रवारी क्लासला सुट्टी देऊन एसटीनं जात. त्यांनी होडीभोवती एक फेरी मारून सांडू मिस्त्रीला सात ठिकाणी बोट लावून दाखवलं आणि सांडूनं सातही ठिकाणी मान डोलावली. त्या दोघांना फार बोलावं लागत नसे. फळ्यांच्या फटीत कापूस आणि राळ भरली गेली. शीड क्लासमधल्या मुलींनी शिवलं. काय शिवतोय हे त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांच्यात मंडप, तंबू आणि सर्कस असे तीन तट पडले होते.

शर्यतीच्या सकाळी धरणाच्या काठावर सहा होड्या होत्या. पुण्याच्या चार, चकचकीत आणि हलक्या. इंजिनीयर मंडळींची एक. आणि हुदहुद, नुकत्याच तेल पाजलेल्या सागवानाच्या रंगाची, बाकीच्यांपेक्षा बरीच जड. लाऊडस्पीकरवर शफीमियाँनी पान वाचलं. माझगाव वाचलं, इंग्रज वाचला, बावीस शर्यती वाचल्या, तेरा वेळा शेवटची हेही वाचलं. लोक हसले. मग हर्राज, लाकडी नग एक, आणि सांडू मिस्त्रीनं ती कापायला नकार दिला ते. सांडूला कुणीतरी ढकलून पुढे उभं केलं तसा तो पुन्हा मागे गेला. शेवटची ओळ नानासाहेबांनी स्वतः सांगून लिहून घेतली होती: सन एकोणपन्नासपासून आजवर मालकीण, मुनिरा बेगम, औरंगाबाद. मध्यंतरी मुक्काम चितेगाव.

होडीत तिघं बसले. आपा सुकाणूला, सांडू पाणी उपसायला डबा घेऊन, आणि नानासाहेब, कारण त्यांना नको म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. वारा शिडात भरला आणि होडी एका अंगाला कलली तसे नानासाहेब पांढरे पडले.

"पाटील, सर झुकाव!" आपा ओरडल्या. नानासाहेबांनी डोकं खाली घातलं आणि शिडाची आडवी काठी त्यांच्या फेट्याचा शेव घेऊन सरकन दुसऱ्या बाजूला गेली. चितेगावात त्यांच्यावर असं कुणी ओरडलं नव्हतं. क्लासमधल्या मुलींना ते ऐकून बरं वाटलं असतं.

पाण्यात तरंगणाऱ्या तीन पिंपांना वळसा घालून परत यायचं होतं. पहिल्या पिंपाशी हुदहुद सहावी होती, आणि दुसऱ्याशीही. पुढच्या दोन होड्या जवळची वाट धरून डावीकडे निघाल्या. आपांनीही सुकाणू वळवलं, तेवढ्यात नानासाहेबांनी डोकं वर काढलं.

"आपा, तिकडं नको! उजवीकडून घ्या. खाली बाभळी हायत."

"कुठं? सगळं पाणीच दिसतंय."

"पाणी आत्ता आलं. माझ्या बहिणीचं सासर हाय ह्याच्याखाली. ही त्यांच्या मळ्याची वाट. दोन्हीकडून बाभळी, तोडल्याच नव्हत्या कुणी. मी बैलगाडीनं शंभरदा गेलोय इथून."

मुनिरा आपांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. सात कप सांगणारा हा माणूस. मग सुकाणू उजवीकडे ढकललं. डावीकडच्या दोन्ही होड्या हातभर पाण्याखालच्या फांद्यांत जाऊन उभ्या राहिल्या. एकीचं शीड टरकन फाटलं ते काठापर्यंत ऐकू आलं.

हुदहुद चौथी आली. शर्यत पुरी करणाऱ्या होड्याही चारच होत्या. काठावर उतरल्यावर नानासाहेब आधी खाली बसले, आणि मग बसल्या बसल्याच म्हणाले, "सहांत चौथी! वाईट नाय."

"चारांत चौथी," शफीमियाँ म्हणाले.

"तू गप बैस. आपा, तुम्हीच सांगा."

"भावाला सहांत चौथी लिहीन," आपा म्हणाल्या. "आणि ते खरं असेल." पदरानं तोंड पुसून त्या पुन्हा होडीकडे वळल्या. नानासाहेबांनी बांधलेली दोरी त्यांनी सोडली, आणि ते बघत असताना परत बांधून दाखवली.

होडी धरणापाशी पैठणलाच राहिली, एका ओळखीच्या माणसाच्या काठावरच्या जागेत. महिन्यातल्या एका रविवारी मुनिरा आपा जातात. नानासाहेब जीप घेऊन येतात आणि सांडूला आणतात. बाभळी, विहिरी, बांध कुठं कुठं बुडालेत ते ते सांगतात, आणि आपा त्यांना वाऱ्याचं शिकवतात. दोघंही एकमेकांना मठ्ठ समजतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा अख्तरीभाभी पहिल्यांदा होडीत बसल्या. शफीमियाँना पोहता येत नव्हतं. ते काठावर एका हातात भाभींच्या चपला आणि दुसऱ्या हातात छत्री धरून उभे होते. होडी पार लांब, ठिपक्याएवढी झाली तरी पाण्यावरून भाभींचं हसणं ऐकू येत होतं, आणि त्या कुणावर हसतायत हे शफीमियाँना पक्कं ठाऊक होतं.